एक नंबर, दोन नंबर

३१ जानेवारी २०१७. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब डॉट कॉमचा डेटाबेस दोन लिनक्स सर्व्हरांवर होता. एक नंबरवर मूळ डेटा, दोन नंबरवर त्याची सतत उतरत राहणारी नक्कल. खालच्या वेळा यूटीसीतल्या आहेत; आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवा.

१७:२० | सहा तास दहा मिनिटं बाकी
एका इंजिनिअरला चाचणीसाठी ताजा डेटा हवा असतो. रोजच्या ठरलेल्या कॉपीची वाट न पाहता तो हातानेच एक कॉपी काढतो. काम किरकोळ, कुणाच्या लक्षातही राहू नये असं.

१९:०० | साडेचार तास बाकी
डेटाबेसवर ताण चढू लागतो. संशय स्पॅमवाल्यांवर. लोकांना साध्या कॉमेंटही टाकता येत नाहीत. ताण आटोक्यात आणण्यातच काही तास जातात.

२३:०० | अर्धा तास बाकी
दोन नंबर इतका मागे पडतो की नक्कल बंदच पडते. आता त्याचं डेटाचं फोल्डर रिकामं करून सगळं पहिल्यापासून उतरवून घ्यायचं. इंजिनिअर कमांड देतो. एरर. सेटिंग बदलतो. दुसरी एरर. तीही निस्तरतो. मग कमांड चालू होते आणि गप्प बसते. पडद्यावर ना आकडा, ना एरर.

खरं तर ती अडकलेली नसते. एक नंबरकडून डेटा यायची मुकाट्याने वाट पाहणं हा तिचा स्वभावच. पण ते तेव्हा तिथे कुणाला ठाऊक नसतं.

२३:३०
आधीच्या प्रयत्नांतल्या फायली आड येत असतील, असं वाटून तो फोल्डर पुसायला घेतो. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात येते: ही खिडकी एक नंबरची! तो कमांड थांबवतो. सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलेला असतो. भारतात पहाटेचे पाच.

मध्यरात्रीनंतर
बॅकअपची शोधाशोध. ॲमेझॉनवरची जागा रिकामी: बॅकअप घेणारं साधन पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या ९.२ आवृत्तीचं, डेटाबेस मात्र ९.६ चा, त्यामुळे रोजचा बॅकअप होतच नव्हता. तसं कळवणारे मेलही पोचण्याआधीच नाकारले जात होते. डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेससाठी चालूच केलेले नव्हते. कामाला आली ती फक्त १७:२० ची कॉपी.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे ती उघडली गेली. बॅकअपच्या पाच उपायांपैकी एकही भरवशाचा निघाला नाही, हे टिपण सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी ठेवलं गेलं आणि दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली गेली. एका वेळी पाच हजारांच्या आसपास लोक ती पाहत होते. खिल्ली उडवणारे होतेच. पण असा प्रसंग स्वतःवर गुदरलेले अनेक जण धीर द्यायला धावले.

१ फेब्रुवारी, १८:००
मंद डिस्कवरून ती एकमेव कॉपी परत यायला तासन्‌तास लागले. अखेर साइट उभी राहिली. कोड शाबूत होता. मात्र त्या सहा-साडेसहा तासांतले सुमारे ५,००० प्रकल्पांचे तपशील, ५,००० कॉमेंट आणि ७०० नवी खाती गेली ती गेलीच.

नंतरच्या कामांच्या यादीत बॅकअपची मोठमोठी कामं होती. त्यांतच एक छोटंसं: प्रत्येक सर्व्हरचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांडच्या ओळीआधी दिसणारा मजकूर, असा करायचा, की आपण कुठल्या मशीनवर बसलोय ते डोळ्यांत भरावं.