घटपर्णीची कुंडी कधी आणि कशी बदलायची? नगरच्या हवा-पाण्यात जगवायची असेल तर आधी हे वाचा

इन्स्टाग्रामवर कीटक खाणाऱ्या झाडाचे रील्स बघून अनेकांनी घटपर्णी मागवलेली असते. पानांच्या टोकाला लोंबणारे सुरईसारखे घट, त्यावर झाकण, आत थोडंसं पाणी. झाड घरी येतं, मोठी कुंडी आणली जाते, काळी माती, शेणखत, मूठभर गांडूळखत, वरून बोअरचं पाणी. गुलाब आणि जास्वंद ज्या मायेनं लावतो त्याच मायेनं घटपर्णी लावली जाते आणि दोन-तीन महिन्यांत ती काळी पडून मरते.

असं का होतं आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात या झाडाची कुंडी नेमकी कधी नि कशी बदलायची, ते समजून घेऊ.

खत घातलं की मरते, असं का?

घटपर्णी मूळची अशा जागची आहे जिथे जमिनीत नत्र आणि स्फुरद जवळपास नसतंच. सतत पाऊस पडून सगळं वाहून गेलेलं असतं. म्हणून हे झाड पोषण कीटकांकडून घेतं. कीटक घटात घसरतो, आतल्या द्रवात विरघळतो आणि पान ते शोषून घेतं. मुळांकडे काम उरतं फक्त पाणी ओढण्याचं आणि झाड धरून ठेवण्याचं. ही मुळं बारीक आणि नाजूक असतात. त्यांना खत आणि क्षार सहन होत नाहीत.

आपल्याकडचं विहिरीचं आणि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. बादलीवर, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो तो त्याचाच. प्रवरा खोऱ्यातल्या उसाच्या पट्ट्यात जमिनी खारवट होतात हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कुंडीतही तेच घडतं, फक्त कुंडी लहान असल्यामुळे काही महिन्यांतच घडतं. म्हणून घटपर्णीची कुंडी बदलायची ती मुख्यतः जुनं, क्षार साठलेलं आणि कुजलेलं मिश्रण काढून टाकण्यासाठी. झाड मोठं झालं हे कारण त्यानंतरचं.

कुंडी बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

साधारण दर एक-दोन वर्षांनी मिश्रण बदलावं लागतं. त्याआधीही ही लक्षणं दिसली तर समजा:

- मिश्रण खाली बसलंय, चिखलासारखं झालंय किंवा त्याला कुबट वास येतोय
- वरच्या थरावर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पूड दिसतेय
- मुळं खालच्या भोकांतून बाहेर आलीत
- पाणी घातलं की लगेच सगळं खाली निघून जातं

नवे घट येत नाहीत एवढ्यावरून मात्र कुंडी बदलू नका. त्याचं कारण बहुतेक वेळा कोरडी हवा किंवा कमी उजेड असतं. नवीन आणलेलं झाडही दोन-तीन आठवडे आहे तसंच राहू द्या.

नगरमध्ये योग्य महिना कोणता?

जून संपता-संपता ते जुलै. पाऊस सुरू झाला की हवेत ओलावा येतो, ऊन मवाळ होतं आणि दुखावलेली मुळं सावरायला वेळ मिळतो. मार्च ते मे टाळा. पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी असते, अशा वेळी मुळं हलवली तर पानांना पाणी पुरत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावते, म्हणून तेव्हाही नको. पावसाळा हुकला तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा चालेल.

याला अपवाद एकच. झाड माती-खतात लावलेलं असेल तर मुहूर्त बघू नका, आजच काढा.

आधी पाण्याची सोय

कुंडी बदलून पुन्हा बोअरचंच पाणी घालणार असाल तर सगळी मेहनत वाया. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. हिशोब सोपा आहे: 10 चौरस मीटर गच्चीवर 20 मिलिमीटर पाऊस झाला की 200 लिटर पाणी मिळतं. एका झाडाला रोज अर्धा लिटर धरला तरी आठ महिन्यांना 120 लिटर लागतात. म्हणजे प्लास्टिकचा एक ड्रम पुरतो. पहिल्या एक-दोन सरी गच्ची धुवायला जाऊ द्या, मग ड्रम भरा आणि डासांसाठी घट्ट झाका. सिमेंटच्या टाकीत साठवू नका, सिमेंटमधले क्षार पाण्यात उतरतात.

दुसरा पर्याय आरओचं पाणी. पण बऱ्याच फिल्टरमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळतात, म्हणून टीडीएस मीटरने तपासा. आकडा 50 च्या आत असावा. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी आपण इतर झाडांना घालतो, ते घटपर्णीला चुकूनही नको. सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात.

कुंडी कशी बदलायची?

1. मिश्रण: अर्धं स्फॅग्नम मॉस आणि अर्धं परलाईट. मॉस महाग वाटलं तर कोकोपीट घ्या, पण त्यातही मीठ असतं. आरओच्या पाण्यात भिजवून, पिळून, असं तीन-चार वेळा धुवा.
2. कुंडी: प्लास्टिकची, खाली भरपूर भोकं असलेली, आधीपेक्षा दीड-दोन इंचांनीच मोठी. मातीची कुंडी क्षार धरून ठेवते.
3. काढणं: संध्याकाळी करा. जुनी कुंडी बाजूंनी दाबून सैल करा. झाड खोडाला धरून ओढू नका.
4. मुळं: काळी दिसतील. घाबरू नका, घटपर्णीची निरोगी मुळं काळीच असतात. मऊ पडून गळणारी तेवढीच कापा. मुळांना घट्ट चिकटलेला मॉस तसाच राहू द्या. झाड माती-खतात असेल तर मात्र पावसाच्या पाण्यात बुडवून माती हलकेच सोडवा.
5. लावणं: झाड आधी जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा. मिश्रण सैल भरा, दाबून ठासू नका.
6. पाणी: खालून निघेपर्यंत वरून पाणी द्या. मात्र ताटलीत पाणी साचू देऊ नका.

घटांतलं पाणी ओतू नका. सांडलंच तर तळाशी थोडं पावसाचं पाणी घाला.

नंतरचा महिना

दोन-तीन आठवडे झाड उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा. हवा कोरडी असेल तर वरून भोकं पाडलेली पारदर्शक पिशवी सैल अडकवा. काही जुने घट वाळतील, ते नेहमीचंच आहे. पूर्ण वाळलेलाच भाग कापा. कोवळं नवं पान निघालं की मुळं लागली असं समजा. घटात मटण, अंडं किंवा दही घालू नका. आत सडून घटच जातो. मुंग्या, माश्या झाड स्वतः पकडतं.

विकत घेताना आणि फिरताना

भारतात जंगलात घटपर्णीची एकच जात आढळते, नेपेंथिस खासियाना. ती मेघालयच्या डोंगरांतली, धोक्यात आलेली आणि कायद्याने संरक्षित आहे. म्हणून 'जंगलातून आणलेली' म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. नर्सरीत वाढवलेल्या संकरित जाती सहज मिळतात आणि आपल्या हवेत जास्त तग धरतात.

कीटक खाणारी झाडं आपल्या जिल्ह्यातही आहेत, तीही अकोले तालुक्यात. पावसाळ्यात हरिश्चंद्रगड परिसरातल्या ओल्या कातळांवर निळी-जांभळी 'सीतेची आसवं' फुलतात. मातीचा पातळ थर, पोषण जवळपास नाही, म्हणून ही इवलीशी झाडंही जमिनीलगतच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडतात. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. उपटून घरी आणली तर ती जगत नाहीत, शिवाय ते बेकायदेशीर आहे. तिथे फोटो काढा आणि घरी नर्सरीतली घटपर्णी वाढवा. तिच्यासाठीचा ड्रम मात्र मे महिन्यातच आणून ठेवा.