गावाच्या मालकीचा कोट

आमच्याकडे गढी म्हटली की ती कुणा देशमुखाची नाहीतर पाटलाची. संकट आलं की गावानं तिच्या आडोशाला जायचं, तेही मालकाच्या मर्जीनं. जुन्या इमारतींची मोजमापं घेण्यात माझी हयात गेली, म्हणून रुमानियातल्या प्रेझमेर गावचं चर्च आणि त्याभोवतीचा कोट पाहताना आधी हेच मनात आलं: हा बांधला कुणी आणि कुणासाठी? बांधला शेतकऱ्यांनी, स्वतःसाठी.

प्रेझमेर हे ट्रान्सिल्व्हानियातल्या ब्राशोव्ह शहराजवळचं गाव. डोंगर ओलांडून बुझाउ खिंडीकडून येणाऱ्या फौजेच्या वाटेतच ते पडायचं. हंगेरीच्या राजांनी बाराव्या शतकापासून या भागात जर्मन बोलणारी माणसं आणून वसवली. त्यांना सॅक्सन म्हणतात. जमीन मिळाली, सवलती मिळाल्या आणि सरहद्दीची राखणही गळ्यात पडली. १२११ मध्ये हा मुलूख ट्यूटॉनिक सरदारांना, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांना, मिळाला आणि चर्चच्या कामाला त्यांनीच हात घातला. १२२५ मध्ये राजानं त्यांना हाकलल्यावर पुढे सिस्टर्सियन साधूंनी ते पुरं केलं. १२४१ मध्ये मंगोल येऊन गेले, १४२१ मध्ये तुर्कांनी ब्राशोव्हचा परिसर जाळला. पंधराव्या शतकात चर्चभोवती भक्कम तट चढला.

तट गोलाकार, सुमारे १२ मीटर उंच, तीन-चार मीटर जाड. बाहेरून नुसतीच पांढरी भिंत. आत जायला लांबलचक कमानदार बोळ, त्यात वरून खाली सोडायचा जाळीचा दरवाजा. बोळ संपला की मात्र पाऊल थांबतंच. तटाच्या आतल्या अंगाला मजल्यावर मजला चढत गेलेल्या खोल्या, २७० च्याही वर. लाकडी जिने, अरुंद सज्जे आणि प्रत्येक दारावर रंगवलेला आकडा. गावातल्या घराघराची इथे स्वतःची खोली होती. एरवी तिथे धान्य आणि बेगमी, वेढा पडला की बिऱ्हाड. पोरांचा अभ्यास बुडू नये म्हणून शाळेचीसुद्धा एक खोली आहे.

माझ्या मते या कोटाचं सगळं शहाणपण त्या धान्यात आहे. फक्त लढाईसाठी बांधलेला तट शांततेच्या काळात ओस पडतो, पडझड सुरू होते. इथे आपली ज्वारी-बाजरी ठेवावी तसे लोक गहू-राय ठेवायला येत. छप्पर गळलं तर नुकसान ज्याचं त्याचं, म्हणून डागडुजी व्हायची. अंधारात कोणता जिना कुठे जातो, हे म्हाताऱ्यांनाही ठाऊक असायचं. वेढ्याच्या रात्री याहून मोलाचं काय?

सर्वांत वर, भिंतीच्या आतूनच, गस्तीचा बोळ फिरतो. त्याला बंदुकीसाठी जंग्या आहेत, खाली उकळतं डांबर ओतायची तोंडं आहेत. अनेक नळ्या एका फिरत्या तुळईवर बसवलेलं एक हत्यारही होतं. त्याला ‘मृत्यूचा ऑर्गन’ म्हणत. हल्ले पन्नासेक झाले असं सांगतात. कोट पडला तो एकदाच, १६११ मध्ये, ट्रान्सिल्व्हानियाच्याच राजपुत्रापुढे, गॅब्रिएल बाथरीपुढे. तोही भिंत फुटून नव्हे, आतलं पाणी संपल्यामुळे.

धान्याप्रमाणेच मांसासाठी सॅक्सन गावांत ‘चरबीचा बुरूज’ही असे. डुकराचं खारवलेलं मांस त्यात टांगायचं, प्रत्येक तुकड्यावर घराचा शिक्का. ठरलेल्या दिवशी बुरूज उघडायचा, हवं तेवढं कापून न्यायचं आणि कापल्या जागी पुन्हा शिक्का मारायचा, म्हणजे चोरी लगेच कळे.

शिक्का मारणारी ती सॅक्सन कुटुंबं आता फारशी राहिली नाहीत. रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या काळात पश्चिम जर्मनी माणशी पैसे मोजून या लोकांना सोडवून नेत होती; १९९० या एका वर्षात लाखाहून जास्त जर्मन रुमानियातून गेले. प्रेझमेरचा कोट आता जागतिक वारसा यादीत आहे. त्याच यादीत ट्रान्सिल्व्हानियातल्याच दर्झिऊ गावचंही तटबंद चर्च आहे. ते सेकेय हंगेरियनांचं. ती माणसं गाव सोडून गेली नाहीत, त्यामुळे त्यांच्या बुरुजात अजूनही घरोघरचं मांस टांगलेलं असतं.