परातीच्या काठांत वसलेले नगर

जर्मनीच्या दक्षिणेकडील बव्हेरिया राज्यात, त्याच्या पश्चिम सीमेलगत, नर्डलिंगेन नावाचे एक लहानसे नगर आहे. लोकवस्ती सुमारे वीस हजार. म्युनिक, स्टुटगार्ट आणि न्यूरेंबर्ग ही तीन मोठी शहरे नकाशावर रेषांनी जोडली, तर होणाऱ्या त्रिकोणाच्या पोटात हे नगर सापडते. नगराच्या मधोमध सेंट जॉर्जचे जुने चर्च असून त्याचा मनोरा जवळजवळ ९० मीटर उंच आहे. नगरवासी या मनोऱ्याला प्रेमाने ‘डॅनियल’ म्हणतात. साडेतीनशे पायऱ्या चढून वर गेलेल्या माणसास प्रथम दिसतो तो लाल कौलांचा दाट पुंजका. त्याभोवती तटबंदीचे वर्तुळ आहे, त्यापलीकडे सपाट शेतजमीन पसरली आहे, आणि दूर क्षितिजापाशी झाडीने झाकलेल्या टेकड्यांचे आणखी एक प्रचंड वर्तुळ आहे. आतले वर्तुळ माणसांनी रचले, हे उघड आहे. बाहेरचे कोणी रचले, या प्रश्नाचे उत्तर मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चुकीचेच दिले जात होते.

या सखल प्रदेशाला ‘रीस’ म्हणतात. रोमन साम्राज्याचा रेशिया नावाचा प्रांत येथे होता आणि त्या नावाचाच हा अपभ्रंश होय. रीसचा व्यास सुमारे २५ किलोमीटर आहे. पश्चिमेकडे श्वाबियाचा आणि पूर्वेकडे फ्रँकोनियाचा, असे चुनखडीचे दोन डोंगराळ पट्टे पसरले आहेत आणि त्यांच्यामध्ये हा प्रदेश एखाद्या परातीसारखा खोलगट पडलेला आहे. परातीचे काठ तळापासून शंभर-दीडशे मीटर उंच आहेत. एगर नावाची लहान नदी नगराजवळून वाहत जाऊन वर्निट्झ नदीला मिळते आणि वर्निट्झ पुढे डोनाउवर्ट येथे डॅन्यूबच्या पात्रात शिरते.

ही परात घडली ती सुमारे एक कोटी अठ्ठेचाळीस लाख वर्षांपूर्वी. अवकाशातून आलेला, एक किलोमीटरहून अधिक व्यासाचा एक लघुग्रह येथे प्रचंड वेगाने आदळला. खडक फुटले, वितळले, उसळून दूरवर फेकले गेले. वितळलेल्या द्रव्याचे थेंब थेट आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या भूमीत जाऊन पडले आणि थंड होऊन त्यांची हिरवी काच झाली. ही काच आजही तेथे सापडते व दागिन्यांत जडवली जाते. मागे राहिलेल्या विवरात पाणी साचून सरोवर झाले आणि ते लक्षावधी वर्षे टिकले. हळूहळू गाळाने ते भरत आले. पुढे हिमयुगातील वाऱ्यांनी आणलेल्या बारीक मातीचा थर वर पसरला आणि जेथे एकदा सर्व जीवमात्राचा संहार झाला, तेथे उत्तम पिकाची जमीन तयार झाली.

अशी जमीन माणसाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. नगराच्या नैऋत्येस ओफनेट नावाच्या गुहा आहेत. तेथे १९०८ साली उत्खननात मध्याश्मयुगीन माणसांच्या कवट्या मिळाल्या. घरट्यात अंडी मांडावीत तशा त्या मांडून ठेवलेल्या होत्या. पुढे रोमन आले आणि त्यांच्या शेतवाड्यांचे अवशेष परिसरात उरले आहेत. नर्डलिंगेनचा पहिला लेखी उल्लेख इ.स. ८९८ मधील आहे. १२१५ साली सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने त्यास नगराचा दर्जा दिला. पुढे ते साम्राज्याचे मुक्त नगर झाले, म्हणजे मधल्या कोणत्याही सरंजामदाराची सत्ता न मानता थेट सम्राटाला बांधील राहिले. १२१९ पासून येथील पेंटेकॉस्टच्या जत्रेचा उल्लेख सापडतो. दोन डोंगराळ पट्ट्यांमधील या सपाटीतून व्यापारी रस्ते एकमेकांस छेदून जात. त्यामुळे मध्ययुगात ही जत्रा दक्षिण जर्मनीतील मोठ्या व्यापारी मेळ्यांपैकी एक झाली. विणकर आणि कातडी कमावणारे कारागीर सधन झाले. कातडी वाळविण्यासाठी उघडे सज्जे ठेवलेली त्यांची घरे जुन्या पेठेत अद्याप उभी आहेत.

वस्ती पहिल्या तटात मावेना, तेव्हा १३२७ मध्ये बव्हेरियाच्या सम्राट लुडविगच्या आज्ञेने बाहेरून दुसरा तट बांधावयास प्रारंभ झाला. पहिला तट गेला, पण त्याच्या जागेवरून जाणारा गोल रस्ता अजून त्याची खूण सांगतो. दुसरा तट २.७ किलोमीटर लांबीचा असून त्याला पाच वेशी आहेत. त्यावरील छत घातलेल्या वाटेने आजही नगराची पूर्ण प्रदक्षिणा करता येते. १४२७ ते १५०५ या काळात सेंट जॉर्जचे चर्च उभे राहिले. त्यासाठी जवळच्या खाणींतील करड्या रंगाचा, मध्ये काचेसारखे काळसर ठिपके असलेला दगड वापरण्यात आला. या दगडाची गोष्ट पुढे येईल.

मनोऱ्यावर पहारेकरी ठेवण्याची चाल जुनी आहे आणि ती अजून मोडलेली नाही. रात्री दहापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासाने तो वरून ठरावीक हाक देतो. तिच्यामागे एक आख्यायिका आहे. १४४० साली शेजारच्या एका सरदाराने वेशीवरील शिपायांना लाच देऊन दरवाजा उघडा ठेवविला होता. रात्री एका बाईला एक डुक्कर त्या दरवाजाला अंग घासताना दिसले, कवाड हलले आणि कट उघडकीस आला, असे लोक सांगतात. कथा खरी असो वा नसो, वैरी बाहेर आहे आणि तट त्याला अडवील, हा त्या काळच्या नगरवासीयांचा विश्वास तिच्यात स्वच्छ दिसतो.

परंतु या नगराची काही मोठी दुःखे तटाच्या आतच जन्मली. १३८४ मध्ये येथील यहुदी वस्तीची कत्तल झाली आणि ती शेजाऱ्यांच्याच हातून झाली. त्यानंतर दोनशे वर्षांनी पाळी आली स्त्रियांची. नर्डलिंगेन तोवर सुधारणावादी ख्रिस्ती पंथाचे झाले होते. १५२९ मध्ये स्पायर येथील सभेत ज्या चौदा नगरांनी धर्माच्या प्रश्नावर निषेध नोंदविला आणि ज्या निषेधावरून ‘प्रॉटेस्टंट’ हा शब्द रूढ झाला, त्यांत हे नगरही होते. सदसद्विवेकाच्या नावाने उभ्या राहिलेल्या या नगराच्या सभेने १५८९ नंतरच्या काही वर्षांत चेटूक केल्याच्या आरोपावरून चौतीस स्त्रिया आणि एक पुरुष यांना मृत्युदंड दिला.

त्यांतील रेबेका लेम्प ही नगराच्या खजिनदाराची पत्नी होती. तुरुंगातून तिने नवऱ्यास लिहिलेली पत्रे जतन झाली आहेत. आपण निर्दोष आहोत, हे ती त्यांत पुनःपुन्हा सांगते. नवऱ्याने नगरसभेकडे अर्ज केले, पण ते व्यर्थ ठरले. यातनांपुढे तिचा निभाव लागला नाही, तिच्याकडून कबुली घेण्यात आली आणि १५९० च्या सप्टेंबरात तिला जाळण्यात आले. या खटल्यांची रीतच अशी होती की, आरोपीस यातना द्यावयाच्या, कबुली मिळवावयाची आणि त्याच कबुलीतून आणखी नावे काढावयाची. एकेक कबुली पुढच्या खटल्याचा पुरावा ठरे, आणि त्यामुळे मूळ समजूत खरी की खोटी, असे विचारण्याची वेळच येत नसे.

ही साखळी तुटली ती एका स्त्रीमुळे. मारिया होल ही ‘सुवर्णमुकुट’ नावाच्या सराईची मालकीण. ती मूळची परगावची, उल्म नगराच्या मुलखातली. १५९३ मध्ये तिला पकडण्यात आले आणि पुढील काही महिन्यांत तिला ६२ वेळा यातना देण्यात आल्या. तिने काहीही कबूल केले नाही आणि कोणाचेही नाव घेतले नाही. उल्मच्या वतीने तिच्यासाठी रदबदली झाली, नगरातही कुजबुज वाढली. अखेर १५९४ मध्ये अटी घालून का होईना, पण नगरसभेस तिला सोडावे लागले. त्यानंतर खटल्यांची लाट ओसरली. नगरसभेने आपली चूक जाहीर केली, असे काही घडले नाही. एका बाईच्या तोंडून ‘होय’ हा शब्द निघाला नाही, एवढ्यावरच ते थांबले.

मारिया होल वृद्ध होऊन १६३४ साली वारली. त्याच साली नगराचे भाग्य फिरले. तीस वर्षांच्या युद्धात सम्राटाच्या सैन्याने नर्डलिंगेनला वेढा घातला होता. तो उठविण्यासाठी सेनापती गुस्ताव हॉर्न आणि सॅक्स-वायमारचा सरदार बर्नहार्ड यांच्या नेतृत्वाखाली स्वीडिश पक्षाचे सैन्य आले. ५ आणि ६ सप्टेंबर १६३४ रोजी नगराच्या दक्षिणेकडील आल्बुख टेकडीवर घनघोर लढाई झाली. स्पॅनिश पायदळाने टेकडी सोडली नाही. स्वीडिश सैन्याचा धुव्वा उडाला, हॉर्न कैद झाला आणि नगराने वेशी उघडल्या. या एका पराभवाने युरोपच्या राजकारणाचा तोल बदलला आणि पुढच्याच वर्षी फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला. १६४५ मध्ये जवळच्याच आलेरहाइम येथे फ्रेंच आणि बव्हेरियन सैन्यांत पुन्हा मोठी लढाई झाली. तलवार, उपासमार आणि प्लेग यांनी नगराची वस्ती निम्म्यावर आणली.

यातून नर्डलिंगेन पुन्हा पूर्वीच्या वैभवास चढले नाही. व्यापाराच्या वाटा बदलल्या. १८०३ च्या सुमारास मुक्त नगराचे स्वातंत्र्य जाऊन ते बव्हेरियात विलीन झाले. १८४९ मध्ये आगगाडी आली, पण मोठे कारखाने आले नाहीत. इतर अनेक शहरांनी वाढत्या वस्तीसाठी आपले तट पाडले. येथे वस्तीच वाढली नाही, म्हणून तट पाडण्याची निकड पडली नाही. पुढे राजाश्रयानेही त्याचे रक्षण झाले. प्रवासी आज ज्या अखंड तटबंदीचे कौतुक करतात, ती बऱ्याच अंशी या नगराच्या दारिद्र्याने राखलेली ठेव आहे.

आता त्या करड्या दगडाकडे वळावयास हवे. भूशास्त्रज्ञांनी श्वाबियाच्या लॅटिन नावावरून त्यास ‘स्यूएव्हाइट’ असे नाव दिले. त्यातील काच पाहून एकोणिसाव्या शतकातील पंडितांनी निर्वाळा दिला की, हा ज्वालामुखीचा दगड असून रीस हे ज्वालामुखीचे मुख होय. १९०४ मध्ये एर्न्स्ट वेर्नर याने आणि १९३६ मध्ये ओटो श्टुत्सर याने उल्काघाताची कल्पना मांडली. पण रूढ मतापुढे ती टिकली नाही. १९६० मध्ये युजीन शूमेकर हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ येथे आला आणि ओटिंगच्या खाणीतून त्याने दगडाचे नमुने नेले. त्याचा सहकारी एडवर्ड चाओ यास त्यांत कोएसाइट सापडले. कोएसाइट म्हणजे गारगोटीचेच एक दाट रूप. ते तयार होण्यास वातावरणाच्या दाबाच्या वीस हजारपटींहून अधिक दाब लागतो, आणि भूपृष्ठावर फुटणाऱ्या ज्वालामुखीत असा दाब उत्पन्न होऊ शकत नाही. दीडशे वर्षांचा वाद मिटला. पुढे याच दगडात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म हिरेही आढळले. ज्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोक प्रार्थनेस जमले, त्याच्या भिंतीच या प्रश्नाचे उत्तर घेऊन उभ्या होत्या.

१९७० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे चांद्रवीर अॅलन शेपर्ड, एडगर मिचेल, युजीन सर्नन आणि जो एंगल हे आघातातून बनलेले खडक ओळखण्याच्या शिक्षणासाठी येथे आले. पुढच्याच वर्षी शेपर्ड आणि मिचेल यांनी चंद्रावर पाऊल ठेवले.

मराठी वाचकास ही हकिकत वाचून बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची आठवण व्हावी, हे साहजिक आहे. तेथील विवर बरेच लहान, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. परंतु ते काळ्या पाषाणात, म्हणजे ज्वालामुखीच्याच खडकात कोरले गेलेले. त्यामुळे त्यासही ज्वालामुखीचे मुख समजण्याचा मोह अधिक बळकट होता. १९७० नंतरच्या दशकातील तपासणीने तेथेही आघाताच्या खुणा निश्चित केल्या. लोणारच्या काठी जुनी देवळे आहेत, रीसच्या तळात चर्च आहे. दोन्हीकडे माणसाने उत्पात विसरून त्या जागेशी आपला संसार जोडला.

नर्डलिंगेनमध्ये १९९० पासून रीस विवराचे संग्रहालय आहे. ते सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या एका धान्याच्या कोठारात भरविलेले असून चंद्रावरून आणलेला एक दगडही तेथे ठेवला आहे. २०२२ मध्ये युनेस्कोने या प्रदेशास जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला. मारिया होलच्या स्मरणार्थ नगरात एक कारंजे उभारलेले आहे. ज्वालामुखीविषयीच्या चुकीच्या समजुतीने कोणाचा जीव घेतला नाही. ती दुरुस्त होण्यास दीडशे वर्षे लागली, तरी बिघडले नाही. चेटकिणीविषयीच्या समजुतीने पस्तीस माणसे घेतली. दोन्ही समजुती त्या त्या काळच्या जाणत्या लोकांच्याच होत्या, आणि दोन्हींचा पुरावा प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे असे मानले जात होते. नगर पाहावयास येणारा मनोरा चढतो, तटावरून फिरतो आणि संग्रहालयातील दगड पाहतो. त्याने रेबेका लेम्पची पत्रेही वाचावीत, म्हणजे त्या पाच वेशींच्या आत काय काय घडले, त्याचा हिशेब पुरा होईल.