मुद्रित स्टेनलेस स्टील (३१६ एल)

धातूची भुकटी लेसरने थरावर थर वितळवून घडवलेले गंजरोधक पोलाद. ३१६ एल या प्रकारात क्रोमियम १६ ते १८, निकेल १० ते १४ आणि मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के असते. नावातला ‘एल’ कमी कार्बनाचा : जास्तीत जास्त ०.०३ टक्के.

घटक नेहमीच्या पत्र्याचेच. गुणधर्म मात्र वेगळे. आर्गॉन किंवा नायट्रोजन भरलेल्या पेटीत भुकटीचे २० ते ५० मायक्रॉन जाडीचे थर पसरतात. लेसरखाली वितळलेला धातू सेकंदाला लाखो अंश इतक्या वेगाने थंड होतो. त्यामुळे स्फटिककणांच्या आत सुमारे अर्धा ते एक मायक्रॉनचे कोष तयार होतात आणि त्यांच्या भिंतींत स्थानभ्रंशांची, म्हणजे अणूंच्या चुकलेल्या ओळींची, दाटी होते. या भिंती स्थानभ्रंशांची हालचाल अडखळवतात, पण पार थांबवत नाहीत. तापवून नरम केलेल्या पट्टीला कायमची विकृती यायला २०० ते ३०० मेगापास्कल पुरतात. मुद्रित पट्टीला बहुधा ४५० ते ६०० लागतात. एरवी बळ वाढले की तन्यता घटते. इथे ती बरीचशी टिकते, हे अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवले. तोच तुकडा १,००० अंश सेल्सियसच्या वर तापवला, की कोष विरतात आणि वाढीव बळाचा मोठा भाग जातो.

पत्रकावरचा बळाचा एकच आकडा फारसा कामाचा नाही, कारण उभ्या आणि आडव्या दिशेला बळ सारखे नसते. सलग ताण सोसणारा भाग वारंवारच्या ताणाने लवकर तडकू शकतो. भेग सुरू होते ती थरांमधल्या न वितळलेल्या फटीपाशी किंवा पॉलिश पेपरसारख्या खरखरीत पृष्ठभागावर. आतला ताण न काढता भाग तळपट्टीवरून कापला, तर करवत पुढे सरकेल तशी कड वर उचलली जाते.

गंजाबाबत निकाल संमिश्र आहे. खड्डेगंजाला निमित्त होणारे मँगनीज सल्फाइडचे मोठे कण झटपट थिजण्यात वाढू शकत नाहीत, त्यामुळे दाट तुकडा पत्र्याहून सरस ठरू शकतो. सच्छिद्र तुकड्यात फायदा उरत नाही.

ॲमस्टरडॅममध्ये २०२१ साली खुला झालेला १२ मीटर लांबीचा पादचारी पूलही मुद्रित स्टेनलेस स्टीलचाच, पण तो तार आणि विद्युतप्रज्योत वापरून, वेल्डिंगच्या रीतीने रचलेला. तिथे थर मिलिमीटरच्या मापाचे असतात आणि थंड होण्याचा वेगही कितीतरी कमी. वरचे आकडे त्याला लागू नाहीत.