म्हैसूरची फटफटी

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचे पितळी डबे खाली उतरतात आणि आमच्या पडवीतली फटफटी अंगणात येते. तिला मोटारसायकल म्हणायचे आम्हांला अजूनही जमलेले नाही. मरून रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंना चकचकीत पत्रा, मागे दोन सायलेन्सर आणि टाकीवर ‘जावा’ हे नाव. तिला जन्म देणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. आई गेली आणि लेक मात्र पहिल्या-दुसऱ्या किकला हसून उठते, हा काय प्रकार आहे, याचा विचार अंगणात बसून तिचे पेच सोडवताना दरवर्षी माझ्या मनात येतो.

पुष्कळांना वाटते, हे नाव जावा बेटावरून पडले. तसे ते मुळीच नाही. चेकोस्लोव्हाकियात फ्रांटिशेक यानेचेक नावाचा एक कारखानदार होता. त्याचा मूळ धंदा शस्त्रास्त्रांचा. पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांची मागणी उतरली, तेव्हा यंत्रे रिकामी ठेवायची नाहीत म्हणून १९२९ साली त्याने वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचे हक्क विकत घेतले. स्वतःच्या नावातला ‘या’ आणि वांडररमधला ‘वा’ जोडून ‘यावा’ झाले. इंग्रजी वळणाने वाचणाऱ्या आपण मंडळींनी त्याचा ‘जावा’ केला, आणि आता तोच खरा.

पहिली गाडी पाचशे सीसीची, महागडी. त्यात जागतिक मंदी आली. मग १९३२ च्या सुमारास हलके, स्वस्त इंजिन बसवलेली लहान गाडी निघाली आणि कारखाना तगला. पुढे जर्मनांनी देश गिळला. कारखान्यावर त्यांची करडी नजर, काम त्यांचे. आणि तरीही तिथले इंजिनियर लपूनछपून युद्धानंतरच्या गाडीचे आराखडे करीत होते. चाचणीच्या गाड्यांवर डी.के.डब्ल्यू. या जर्मन कंपनीचे नाव लावून त्या रस्त्यावर काढीत, म्हणजे कोणी संशय घेऊ नये. खुद्द यानेचेक १९४१ साली वारला. त्याला ती गाडी पाहायला मिळाली नाही. १९४६ साली अडीचशे सीसीची ती गाडी पॅरिसच्या प्रदर्शनात झळकली. कादंबरीत असा प्रसंग मी घातला असता तर संपादकांनी ‘जरा जास्त होते’ म्हणून लाल रेघ ओढली असती.

या गाड्या १९५० नंतरच्या दशकात मुंबईच्या बंदरात उतरू लागल्या. त्या आणणारे इराणी कुटुंब. परदेशी मालाच्या आयातीवर सरकारने निर्बंध आणले, तेव्हा रुस्तम आणि फारूख इराणी यांनी त्या इथेच बनवायचे ठरवले. म्हैसूरचे जयचामराज वडियार यांचे पाठबळ मिळाले आणि यादवगिरी भागात आयडियल जावाचा कारखाना उभा राहून १९६१ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७० नंतरच्या दशकात तिचेच नाव ‘येझदी’ झाले. नाव बदलले, पिंड तोच राहिला.

आता त्या पिंडाविषयी. हे इंजिन दोन फेऱ्यांचे, ज्याला कारागीर टू-स्ट्रोक म्हणतात. यात व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टनच वरखाली जाताना सिलिंडरच्या भोकांची झाकपाक करतो. वंगणाची वेगळी सोय नाही. पेट्रोलच्या पंचवीस भागांस तेलाचा एक भाग मिसळायचा, की तेच तेल आतून सारे भिजवीत जाते. सोय मोठी, पण त्याची किंमत काजळीत मोजावी लागते. न जळलेले तेल प्लगवर, धूर बाहेर पडण्याच्या भोकात आणि सायलेन्सरच्या पोटात साचत राहते.

म्हणून गाडी रुसली की पहिल्याने प्लग काढायचा. तो पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, ठिणगी पाहा. कोरडा असेल तर ठिणगीला दोष देऊ नका, वाट अडली आहे. प्लग टोपीत बसवून इंजिनाच्या धातूवर टेकवा आणि किक मारा. निळी, कडक ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी, मरतुकडी असेल तर उजवीकडचे झाकण काढून पॉईंट साफ करा आणि ते पूर्ण उघडले असताना त्यांच्यात ०.४ मिलिमीटर फट आहे ना ते पाहा. कार्बोरेटरचे जेट चोंदले असेल तर तोंडाने फुंकावे. तार घालू नये; तारेने भोक मोठे होते आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते.

पण सर्वांत मोठा धडा आम्हांला मिळाला तो एका टोपणामुळे. मी शाळेत होतो. गाडी पाच-सहा मैल सुरेख धावे आणि मग गचके खाऊन बंद पडे. दहा मिनिटे झाडाखाली बसले की पुन्हा सुरू! तालुक्याच्या एका कारागिराने कॉईल बदलली, मग कंडेन्सर बदलला, दोन्हींचे पैसे घेतले, आणि परतीच्या वाटेवर ती पुन्हा थांबली. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सहज म्हणून टाकीचे टोपण फिरवले तो ‘सुस्स’ असा आवाज झाला. टोपणाला हवेसाठी बारीक भोक असते. आदल्या रविवारी मीच मोठ्या भक्तीने गाडीला मेण लावून पुसले होते आणि ते भोक बुजवले होते. हवा आत शिरत नाही, मग पेट्रोल खाली उतरेल कसे? अण्णा रागावले नाहीत. “अरे, यंत्र खोटं बोलत नाही, आपल्याला ऐकू येत नाही,” एवढेच म्हणाले आणि माझ्याच हातात टाचणी दिली.

सायलेन्सरचे काम मात्र घाण. शेपटाकडची नळी सुटी होते. ती बाहेर ओढली की आत डांबरासारखा थर. काहीजण नळी विस्तवात घालून जाळतात. आमच्या आईने अंगणात एकदाच ते होऊ दिले. धुण्याच्या दोरीवरच्या साड्यांना आठ दिवस वास येत होता. तेव्हापासून कॉस्टिक सोड्याचे पाणी. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी नाही, हातमोजे घालायचे, आणि अॅल्युमिनियमचा कोणताही भाग त्यात बुडवायचा नाही, सोडा तो खाऊन टाकतो.

हे सारे घरी करता येते, कारण गाडी तशीच घडवली आहे. मागचे चाक काढायचे तर आस ओढून घेतला की चाक सुटते. साखळी आपल्या पत्र्याच्या पेटीत जागेवर राहते, तेलाने हात बरबटत नाहीत. ज्या तरफेने गियर बदलायचे तीच आत दाबून वर फिरवली की किक होते. गियर टाकताना ती तरफ क्लचही आपोआप उचलते.

१९८० नंतर जपानी बनावटीच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. १९८५ साली आलेल्या हिरो होंडाने तर एका लिटरमध्ये किती जाते, हा एकच प्रश्न देशाला विचारायला शिकवले. धुराचे कायदे कडक होत गेले. त्या हिशेबात आमची फटफटी नापास होणारच होती, आणि तो निकाल चुकीचा होता असे मी म्हणत नाही. तिचा धूर मुलांच्या नाकात जाऊ नये हे मलाही पटते. २०१८ साली जावा हे नाव परत आले, पण आतले इंजिन चार फेऱ्यांचे. नवी पोरे त्यावरून ऐटीत जातात, चांगली दिसतात.

जुन्या गाड्या मात्र आमच्यासारख्यांच्या पडव्यांत राहिल्या. जुलैच्या दुसऱ्या रविवारी गावोगावचे मालक त्या घेऊन एकत्र जमतात. तिथे गाड्यांपेक्षा हातांकडे पाहावे. कोणी भंगारातून मिळवलेली रबरी सील शेजाऱ्याला देतो, कोणी सत्तरीचे आजोबा नुसत्या आवाजावरून सांगतात की बेअरिंग वाजते आहे. कारखान्यातले ज्ञान कागदांबरोबर कुलुपात गेले असेल. यांच्याकडचे बोटांत आहे, आणि बोटांतले लिहून ठेवायची सवय आपल्याला नाही.

यंदा अण्णांचे हात थरथरतात, म्हणून ते खुर्चीत बसून नुसते सांगत होते. पॉईंट माझ्या पुतणीने साफ केले. ती अकरावीत आहे. सगळे बसवून झाल्यावर किल्ली सापडेना. या गाडीची किल्ली म्हणजे एक खिळ्यासारखी दांडी, आणि गंमत अशी की एका जावाची किल्ली दुसऱ्या जावाला चालते. तेव्हा पुतणी पलीकडच्या आळीतल्या काकांकडे धावली आणि त्यांची मागून आणली. फराळाच्या ताटासह ती परत करायची अजून राहिली आहे.