मादक द्रव्यांवरील बंदीचा इतिहास : वाळूजच्या संदर्भात काही विचार

राज्यसंस्थेने एखादी वस्तू निषिद्ध ठरविली की ती समाजातून हळूहळू नाहीशी होईल, ही श्रद्धा आपल्या धोरणांच्या मुळाशी दीर्घकाळ वास करीत आली आहे. ती कितपत साधार आहे, याची तपासणी गंगापूर तालुक्यातील वाळूज या एका स्थानाच्या आधारे करण्याचा प्रस्तुत टिपणात विचार आहे. या भूमीवर गेल्या शतकात मादक द्रव्यांविषयीची तीन निरनिराळी धोरणे एकामागून एक येऊन गेली.

पहिले धोरण महसुलाचे. निजामी राजवटीत आबकारी हा राज्याच्या उत्पन्नाचा एक प्रमुख स्रोत होता. मद्य व अफू यांकडे पाहण्याची दृष्टी नैतिक नसून आर्थिक होती. ब्रिटिश हिंदुस्थानातही याहून फार वेगळी स्थिती नव्हती. भांग-गांजाच्या चौकशीसाठी १८९३-९४ मध्ये नेमलेल्या आयोगाने संपूर्ण बंदीचा पुरस्कार केला नाही; नियंत्रण व कर यांवरच त्याचा भर होता.

दुसरे धोरण नैतिक सुधारणेचे. मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदीचा प्रयोग आरंभिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि १९५९ च्या अधिनियमाने हा कायदा राज्याच्या उर्वरित भागांस लागू करण्यात आला. या धोरणामागील तळमळ खोटी नव्हती. मजुरीचा पैसा गुत्त्यावर जात असल्याने उद्ध्वस्त होणारी कुटुंबे सुधारकांनी प्रत्यक्ष पाहिली होती. परंतु हातभट्टी वाढली, आणि तिच्या विषारी दारूचे बळी बहुधा गरीबच ठरले.

येथे एक मूलगामी अडचण प्रथमच स्पष्ट झाली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीचे तत्त्व मान्य केले. तथापि मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधनद्रव्यांना बंदीत ओढणाऱ्या तरतुदी त्याने अवैध ठरविल्या. औषध आणि मादक द्रव्य यांचा घटक एकच असला, तर कायद्याने रेषा कोठे ओढावी? पुढे टिंक्चरसारखी औषधेच नशेसाठी वापरली जाऊ लागली, तेव्हा हा प्रश्न केवळ न्यायशास्त्रीय राहिला नाही. १९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्राने परवान्यांच्या मार्गाने बंदी सैल केली. परिणामी, दारूबंदीचा कायदा राबविणारा राज्य उत्पादन शुल्क विभागच आज मद्यावरील महसूलही गोळा करतो.

तिसरे धोरण दंडाचे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारास अनुसरून संसदेने १९८५ मध्ये गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम संमत केला. बहुतेक गंभीर गुन्ह्यांना किमान १० वर्षांची सक्तमजुरी ठेवण्यात आली. अल्प प्रमाण स्वतःच्या सेवनासाठीच होते, हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर होता. १९८९ मध्ये जामिनाच्या अटी कठोर झाल्या आणि काही पुनरावृत्त गुन्ह्यांना देहान्त शिक्षा अनिवार्य ठरली. ही अनिवार्यता मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरविली. व्यसनी व व्यापारी यांतील भेद शिक्षेत नीट उतरविण्यासाठी २००१ ची दुरुस्ती यावी लागली. मधली १६ वर्षे ज्यांनी तुरुंगात काढली, त्यांना ती परत मिळाली नाहीत.

त्याच १९८५ मध्ये वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. वाहनउद्योगाबरोबर या परिसरात औषधनिर्मिती व रसायन उद्योगही वाढले. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने पैठण व वाळूज औद्योगिक परिसरांत छापे घालून मेफेड्रोनसारखी द्रव्ये जप्त केली. पैठण येथील मालात केटामाईनही होते. केटामाईन हे भुलीचे औषध. ते या कायद्याच्या यादीत २०११ मध्ये आले, तर मेफेड्रोन २०१५ मध्ये.

या घटनाक्रमातून निष्कर्ष निघतो तो असा. बंदी वस्तूच्या नावावर घातली जाते, आणि उत्पादन मात्र स्थान व रूप बदलत राहते : शेतातून भट्टीत, भट्टीतून प्रयोगशाळेत. यादीत नाव येईपर्यंत रसायन पुढे गेलेले असते. बलसारा खटल्याने उघड केलेली अडचणच आज कारखान्याच्या दारात उभी आहे. तिला उत्तर म्हणून राज्याने शिक्षा वाढविली, परंतु कच्च्या रसायनांचा हिशेब व कारखान्यांची तपासणी यांकडे त्या मानाने कमी लक्ष दिले. बंदीने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्या धोरणाचा भार सर्वात दुबळ्या हातावर पडतो आणि ज्याची पकड उगमापर्यंत पोहोचत नाही, त्याच्या यशाची मोजणी केवळ जप्तीच्या आकड्यांनी करणे इतिहासाच्या अभ्यासकास मान्य होण्यासारखे नाही.