गोळी शिकवली, बंदूक राहिली

मुळशीला हत्यार नवे नाही. टाटांच्या धरणाखाली जमिनी जाणार म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, इथले मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. तो लढा बहुतांशी निःशस्त्र चालला. पण १९२४ मध्ये सेनापती बापटांनी हत्यारे घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगायला ते तयार झाले. पुढे हिंजवडीच्या जमिनींना सोन्याचा भाव आला, पैशामागून टोळ्या आल्या आणि २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ने तो काळ पडद्यावर आणला. या हत्यारांवर पुष्कळ लिहिले गेले. मात्र गोळी लागलेला माणूस ज्या दवाखान्यात पोचतो, तिथल्या डॉक्टरला हत्याराबद्दल काय शिकवले गेले, हे फारसे कोणी विचारलेले नाही.

अशा जखमीची पुण्यातली जुनी वाट ससूनला जाते. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ पासूनचे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. त्याच्या मागच्या गाडीतला आयर्स्ट जागीच गेला. रँड मात्र ३ जुलैला ससूनमध्ये मरण पावला. मधले दिवस तिथल्या डॉक्टरांपुढे गोळीची जखम होती. पिस्तूल त्यांच्या टेबलावर आलेच नाही.

वैद्यकीय शिक्षणाचा साचा याच धर्तीवर बसला. जयसिंग मोदी यांचे न्यायवैद्यकाचे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक १९२० मध्ये निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी त्यावर अभ्यास केला. गोळी आत शिरल्याची जखम कोणती, बाहेर पडल्याची कोणती. कातडीवरच्या काजळीवरून अंतर कसे ओळखायचे. गोळी काढताना दातेरी चिमटा का वापरायचा नाही, हे सारे विद्यार्थ्याला शिकवले जाते. चिमट्याचा ओरखडा उठला की नळीच्या आट्यांच्या खुणा बिघडतात आणि ती कोणत्या बंदुकीतून सुटली हे सांगणे अवघड होते. कपडे कापायचे ते भोक टाळून, आणि सगळे सीलबंद करून पोलिसांकडे द्यायचे. थोडक्यात, डॉक्टर पुराव्याचा राखणदार झाला. बंदूक ही पोलिसांची बाब, असे गृहीतच धरले गेले.

या गृहीतकाला पहिला मोठा तडा मुंबईत गेला. १२ सप्टेंबर १९९२ रोजी जे. जे. रुग्णालयाच्या १८ नंबरच्या वॉर्डात मारेकरी एके-४७ घेऊन शिरले. पोलीस पहाऱ्यात उपचार घेणारा गवळी टोळीतला एक जण त्यांनी मारला. पहाऱ्यावरचे दोन पोलीसही गेले. २६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी कामा रुग्णालयात घुसले आणि दोन सुरक्षारक्षक मारले गेले. परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवतींना सुरक्षित खोलीत हलवले. ते त्यांना कोणत्याही अभ्यासक्रमाने शिकवलेले नव्हते.

हल्ले तसे विरळाच. रोजचा धोका यापेक्षा साधा असतो. बेशुद्ध जखमीच्या कमरेला गावठी कट्टा निघतो, किंवा आरोपीच्या खाटेशेजारी शिपाई बंदूक घेऊन बसलेला असतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या २००० ते २०११ या काळातील १५४ गोळीबारांचा अभ्यास जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी केला. तातडीच्या विभागात झालेल्या गोळीबारांपैकी २३ टक्क्यांत हत्यार सुरक्षारक्षकाकडूनच हिसकावलेले होते. म्हणूनच तिकडे काही ठिकाणी तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना शस्त्राची तोंडओळख करून देतात.

त्यात नेमबाजी नसते. प्रत्येक हत्यार भरलेलेच आहे असे धरायचे. बोट चापापासून लांब, नळी माणसांपासून दूर. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे नव्हे. एक गोळी नळीच्या मागच्या घरात राहू शकते. कट्ट्याच्या खटक्याचा तर भरवसाच नाही, म्हणून जाणकार नसेल त्याने ते उघडूच नये. माणसे बाजूला करावीत, पोलीस बोलवावेत. हात लावणे टळतच नसेल, तर निदान काय करायचे नाही ते ठाऊक हवे.

आपल्याकडे हा विचार कायद्यात आला आहे, पण दुसऱ्याच माणसासाठी. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण सक्तीचे केले. मुळशीतल्या परवानाधारकाला स्वतःचे पिस्तूल कसे सांभाळायचे हे शिकावे लागते. तेच पिस्तूल जखमीच्या कमरेला ज्याला सापडेल त्या निवासी डॉक्टरला नाही. तातडीच्या वैद्यकशास्त्राच्या एम. डी. पदवीला २००९ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे असे शिक्षण द्यायला जागाही आहे. पोलिसांच्या शस्त्रागारातला अनुभवी कर्मचारी आणि न्यायवैद्यकाचा प्राध्यापक यांनी निवासी डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी आणि वॉर्डबॉयसाठी वर्षातून अर्धा दिवस काढावा. सुरुवात ससूनपासून आणि पौडसारख्या तालुक्याच्या ठिकाणांपासून करायला हरकत नाही.